कन्नड संघाचा टोप

यंदा टोप चढणार की नाही, एवढंच पद्माकर चिकोडे यांना जाणून घ्यायचं होतं. बाकी संघाने काय करायचं ते करावं.

टोप त्यांच्याच गॅरेजमध्ये होता, जुन्या चादरीखाली उपडा. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा टोप, दोन कानांना दोन माणसं लागल्याशिवाय जागचा हलणार नाही असा. मार्चमध्ये त्यांची बायको नीलांबिका गेली, तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. ऑक्टोबर लागला, राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापनादिन, जवळ आला, तरी कुणी त्याबद्दल विचारलं नाही. मग एका संध्याकाळी श्रीनिवासचा फोन आला. तो संघाचा अध्यक्ष, इथे इंग्लंडातल्या ब्रॅकनेलमध्येच एका कॉम्प्युटर कंपनीत कामाला.

"भाव, शनिवारी सकाळी येऊ का? राज्योत्सवाचं बोलायचंय. ईशानीपण येईल, तिला फिल्मसाठी तुमचे दोन शब्द हवेत."

या, म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

ब्रॅकनेलच्या कन्नड संघात त्यांना लहानथोर सगळे भाव म्हणत. कन्नडमध्ये बहिणीच्या नवऱ्याला भाव म्हणतात. नीला सगळ्यांची अक्का, म्हणजे थोरली बहीण, म्हणून हे सगळ्यांचे भाव. तसे ते निपाणीचे, घरात पिढ्यानपिढ्या मराठी. नीला गदगची. निपाणीच्या माणसाला कन्नड मुद्दाम शिकावं लागत नाही, ते येतंच. पण घरात दोघांची रीत अशी पडली होती की ती कन्नडमध्ये बोलायची आणि हे मराठीत उत्तर द्यायचे. कुणी कुणाकडे सरकलं नाही आणि कुणाचं काही अडलंही नाही. दोघांच्या मध्ये बसून त्यांची मुलगी रश्मी मात्र इंग्रजी बोलायला शिकली.

आता घरात मराठी बोलायचं तर कुणाशी, आणि कन्नड ऐकायचं तर कुणाकडून. राहता राहिला संघ. आणि संघात पद्माकरांचं काम पहिल्यापासून एकच होतं, टोप उचलणं.

संघ काही कुणी ठरवून काढलेला नव्हता. पद्माकर इथल्या कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा गावात कन्नड बोलणारी पाच-सहा घरं असतील, तीही एकमेकांना ठाऊक नसलेली. नीलाने ती वेम्बलीच्या वाण्याकडे, दवाखान्यात, बसच्या रांगेत, जिथे कानावर कन्नड पडलं तिथे गाठून गोळा केली. आणि एका एक नोव्हेंबरला, राज्योत्सव म्हणून, सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. तो नेमका रविवार होता. बोलावलेल्यांनी न बोलावलेले आणले. अंदाजाच्या दुप्पट माणसं दारात उभी राहिली. घरातला तांदूळ पुरणार नव्हता, आणि त्या काळी इंग्लंडात रविवारी दुकानं बंद असत. नीलाने जवळ राहणाऱ्यांना परत पिटाळलं. घरात असेल तो तांदूळ वाटीभर घेऊन या, म्हणाली.

आले. कुणाचा बासमती, कुणाचा जाडा. सुधाकर पै मंगळूरचे, त्यांनी तिकडचा लाल उकडा आणला. एका बिनलग्नाच्या डॉक्टरकडे, इंग्रज लोक दुधात शिजवून खीर करतात तो गोल तांदूळ होता, त्याने तोच आणला. घाईगडबडीत सगळा एकत्र पडला. बिसीबेळे भात तयार झाला तेव्हा त्यातल्या निम्म्याची पेज झाली होती आणि निम्मा कच्चा होता. तरी लोक दोनदा मागून जेवले. पुढच्या वर्षी कुणी काही न सांगता सगळे वाटीभर तांदूळ घेऊनच आले. गेल्या वर्षी आणला होता म्हणाले. रीत पडते ती अशी.

पण नीला एकदा फसली ती फसली. त्यानंतर दरवर्षी ती पदर खोचून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. प्रत्येकाची वाटी हातात घेऊन बघायची आणि तांदूळ निरनिराळ्या पातेल्यांत टाकायची. पैंचा उकडा सगळ्यात आधी शिजायला पडे, मग जाडा, मग बाकीचा, बासमती अगदी शेवटी. बिसीबेळे भात तिच्या गदगकडचा नाहीच, तो म्हैसूरचा. "खिचडीच ही, कोट घातलेली," म्हणायची, पण करायची मन लावून. माणसं वाढली तेव्हा वेम्बलीचा एक गुजराती आचारी धंदा बंद करत होता, त्याच्याकडून हा टोप आणला. एका कानाला पद्माकर आणि दुसऱ्या कानाला जो सापडेल तो. नीला म्हणेल तेव्हा उचलायचा, म्हणेल तेव्हा टेकवायचा.

मध्ये एकदा सीमेवरून तिकडे काहीतरी पेटलं होतं, त्याची धग इथवर आली. बैठकीत एकजण म्हणाला की निपाणीचा मराठी माणूस कन्नड संघात कशाला. पद्माकर तिथेच खुर्च्या मांडत होते.

"बरोबर आहे," नीला म्हणाली. "मग आता टोप कोण उचलणार, तेवढं ठरवा."

हशा झाला आणि विषय संपला. घरी येताना ती गाडीत रडली. पद्माकर गाडी चालवत राहिले. पुढे कुणी ती गोष्ट काढली नाही, आणि त्यांनीही संघाकडे कधी काही मागितलं नाही. टोप चढतोय तोवर आपण संघात आहोत, इतकं त्यांचं साधं होतं. आता नीला नाही आणि टोपही चढला नाही, तर तिथे जाऊन बसायचं ते कोण म्हणून?

शनिवारी दोघं आले. पद्माकरांनी चहा केला. तो पाणचट झाला होता, पण दोघांनी मुकाट्याने घेतला. श्रीनिवास चाळिशीचा, बंगळूरचा, वाईट माणूस नाही. अध्यक्ष व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून हा झाला. त्याने सांगितलं की यंदा चाळिसावा राज्योत्सव, माणसं फार, म्हणून एका शाळेचा मोठा हॉल घेतलाय. तिथे शिजवायला परवानगी नाही. बाहेरचं जेवणही परवाना असलेल्या केटररकडूनच यायला हवं, तसा वेम्बलीचा एक ठरवलाय.

"आणि तांदूळ?" पद्माकरांनी विचारलं.

तांदूळ आहे ना, श्रीनिवास म्हणाला. टोप स्टेजवर ठेवायचा, झेंडूच्या माळा घालून. प्रत्येक घराने येऊन त्यात तांदूळ टाकायचा, फोटो काढायचे, आणि नंतर सगळा तांदूळ नीलक्कांच्या नावाने गरजूंना धान्य देणाऱ्या फूड बँकेला द्यायचा.

"शिजवायचा नाही?"

"नाही, भाव."

"मग टोप कशाला पाहिजे? बादली ठेव."

श्रीनिवासने खाली बघितलं. "कुणाचं पोट बिघडलं तर माझ्यावर येईल हो. आता पूर्वीसारखं नाही राहिलं."

हेही खोटं नव्हतं. तेवढ्यात ईशानीने लॅपटॉप उघडून फिल्मचा थोडा भाग दाखवला. ती इथेच जन्मलेली, कन्नड आजीशी फोनवर बोलून शिकलेली, कष्टाळू मुलगी. जुने फोटो तिने घरोघर जाऊन जमवले होते. एका फोटोत नीला दारात उभी होती, पदर खोचलेला, तोंड उघडं, कुणावर तरी ओरडताना. त्यावर एक भारदस्त आवाज सांगत होता की कर्नाटकाच्या साऱ्या प्रांतांचे तांदूळ एका भांड्यात आणून अक्कांनी ऐक्याचा संदेश दिला.

"दुकानं बंद होती," पद्माकर म्हणाले.

"सॉरी?"

"रविवार होता. घरात तांदूळ कमी होता आणि दुकानं बंद होती. संदेश वगैरे नाही. ती भडकलेली होती."

ईशानीने श्रीनिवासकडे बघितलं. "हे स्टेजवर सांगाल? फिल्मनंतर दोन मिनिटं?"

बघू, म्हणाले. टोप न्यायचा तर आजच न्या, असंही म्हणाले, पण श्रीनिवासच्या गाडीत तो मावेना. सीट पाडून बघितल्या, तिरका करून बघितला, शेवटी परत गॅरेजमध्ये ठेवला. त्या दिवशी मीच घेऊन येतो, पद्माकर म्हणाले. माझ्या गाडीची त्याला सवय आहे.

संध्याकाळी ब्रिस्टलहून रश्मीचा फोन आला. तिचं एकच चाललं होतं, घर विका आणि इकडे या. त्यांनी टोपाचं सांगितलं.

"बाबा, देऊन टाका ना ती टोप. इकडे आमच्या गॅरेज खूप छोटा आहे, ती नाही बसणार." मग म्हणाली, "आईपण नव्हती ना बोलली की जपून ठेवा."

खरं होतं. नीला शेवटच्या दिवसांत टोपाबद्दल काही बोलली नव्हती. शेवटच्या दिवसांत ती बर्फाचे तुकडे मागायची. ते त्यांनी रश्मीला सांगितलं नाही, येतो म्हणाले दिवाळीला, आणि फोन ठेवला.

राज्योत्सवाच्या शनिवारी रस्त्यावर पोरं भुतांचे मुखवटे घालून फिरत होती, हॅलोवीन होतं. हॉल चांगला होता, उबदार. पद्माकर दुसऱ्या रांगेत बसले. एरवी या वेळेला बाह्या सरसावून ते आत असायचे, वाफेत. कार्यक्रम असा समोरून त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. नाच झाले, गाणी झाली. मग स्टेजवर एकेक घर येऊन टोपात तांदूळ टाकू लागलं. सगळा पांढरा, बारीक, एकसारखा. आता सगळे एकाच कंपनीचा सोना मसुरी खातात, घरपोच येतो. शेवटी काठी टेकत सुधाकर पै आले आणि त्यांनी मूठभर लाल उकडा त्या पांढऱ्यावर टाकला. पाठोपाठ एका छोट्या मुलीने हात घालून सगळं छान ढवळलं, आणि फोटोवाल्याने तिला पुन्हा ढवळायला लावलं.

फिल्म संपल्यावर पद्माकरांना बोलावलं. माईक त्यांच्या हातात दिला. समोर सगळी गर्दी. त्यातली बरीच माणसं नीलाला भेटलेलीही नव्हती.

"त्या दिवशी रविवार होता," ते कन्नडमध्ये म्हणाले. "घरात तांदूळ थोडा होता. दुकानं बंद होती. म्हणून तिने सगळ्यांना आणायला सांगितला. भात काही चांगला झाला नव्हता. पण लोक जेवले." आणखी काय सांगावं ते सुचेना, म्हणून खाली उतरले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, जोरात. मागून कुणी म्हणालं, किती साधी माणसं होती बघा.

घोटाळा झाला तो जेवणानंतर. फूड बँकेच्या बाईंना श्रीनिवासने फोन केला, तांदूळ कुठे आणू विचारायला. त्या अगदी गोड बोलल्या, आणि म्हणाल्या की सुटा तांदूळ आम्हाला घेता येत नाही, सीलबंद पाकिटंच लागतात. कार्यक्रमपत्रिका छापली, माळा आणल्या, फिल्म केली, पण हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हात घातलेला, शंभर घरांचा, ढवळलेला तांदूळ. तो आता कुणालाच चालणार नव्हता.

हॉलचा माणूस दिवे मालवायला आला होता. कुणी म्हणालं पक्ष्यांना घालू, दुसरा म्हणाला उंदीर होतील आणि कौन्सिल दंड करेल. कचऱ्यात टाकू, असं मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही. आपल्या हाताने वाहिलेला तांदूळ कोण टाकणार. सगळे टोपाभोवती उभे राहिले आणि हळूहळू एकेकजण गाडीच्या किल्ल्या चाचपू लागला.

"भाव, काय करू?" श्रीनिवास म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

पद्माकरांची पाठ दुखत होती. त्यांना घरी जायचं होतं. "माझ्या गाडीत घाला," ते म्हणाले. "उद्या दुपारी घरी या. येतील त्यांनी या."

"शिजवणार?"

"तांदळाचं दुसरं काय करतात?"

"संघातर्फे असं मला नाही म्हणता येणार."

"नको म्हणूस. मेहुणे भावाकडे जेवायला आले म्हण. त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

रविवारी सकाळी त्यांनी मागच्या अंगणात शेगडी मांडली, सिलिंडर जोडला. डाळ वेगळी शिजत घातली. तांदूळ उपसून धुतला. रिकामा टोप तेवढा कसाबसा एकट्याने फरफटत नेऊन शेगडीवर चढवला, त्यात आधण ठेवलं. मसाला नीलाचा होता, फ्रीजरमध्ये, तिच्याच हातचा शेवटचा डबा. तो त्यांनी बाहेर काढून ठेवला.

पाण्याला उकळी आली आणि ते टोपाशी उभे राहिले. उभेच राहिले. इतकी वर्षं "हं, आता" म्हणणारं कुणीतरी होतं. "थांबा", "हलवा", "अहो, जाळ कमी करा" म्हणणारं. त्यांना उचलणं येत होतं. कधी उचलायचं ते कधी शिकावंच लागलं नव्हतं. पाणी नुसतंच खळखळत राहिलं, थोडं आटलंसुद्धा.

"अरे, टाक की," मागून आवाज आला. सुधाकर पै बाजूच्या फाटकातून आत आले होते, हातात काठी आणि बगलेत रिकामा डबा. "की मुहूर्त बघतोयस?"

"तुझा उकडा मिसळलाय सगळा. तो आधी पडायला हवा ना?"

पैंनी परातीत वाकून बघितलं. पांढऱ्यात लाल दाणे विखुरले होते. "आता ते वेचायला बसलास तर आपण दोघं इथेच मरू. टाक."

टाकला.

माणसं आली ती थोडीच. श्रीनिवास बायको-मुलांना घेऊन आला, ईशानी आली, आणखी चार-पाच घरं. बाकीच्यांचे निरोप आले. ईशानीने आपणहून विळी नको, सुरी द्या म्हणून भाज्या चिरल्या. डाळ पडली, चिंच पडली, नीलाचा मसाला पडला. वास अंगणभर झाला, तेव्हा शेजारच्या इंग्रज म्हातारीने खिडकी उघडून बघितलं आणि हात हलवला.

टोप उतरवायची वेळ आली. पद्माकर फडकं घेऊन कानाशी वाकले आणि पाठीत अशी कळ आली की तिथेच गुडघ्यावर हात टेकून राहिले.

"बाजूला व्हा, भाव," श्रीनिवास म्हणाला. त्याने एक कान धरला, दुसरा ईशानीने. दोघांचा मेळ जमेना, एकाचा आधी उचलला गेला, थोडा रस्सा सांडला. पण उतरवला. पद्माकर फडकं हातात धरून बाजूला उभे होते. हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

मग सगळे जेवायला बसले, कुणी पायरीवर, कुणी अंगणातल्या खुर्च्यांवर, कोट घालूनच. भात बरा झाला होता. मीठ जरा कमी. मधेच पैंचा लाल दाणा दाताखाली यायचा, कडक, कचकन वाजणारा.

"हा माझा," पै म्हणायचे, आणि पुन्हा कचकन वाजला की, "हाही माझा. अक्का असती तर मला घरी पाठवून दिलं असतं."

श्रीनिवासचा मुलगा ते ऐकून हसत सुटला आणि आपल्या ताटातला एकेक लाल दाणा पैंना परत देऊ लागला.

पद्माकर जेवले. मसाल्याची चव तिची होती, भाताची नव्हती. टोप चढला की काहीतरी होईल असं त्यांना महिनाभर वाटत होतं. काय होईल, ते त्यांना सांगता आलं नसतं. तसं काही झालं नाही. भात झाला. लोक आपसात कन्नडमध्ये बोलत होते, शाळा, मॉर्गेज, कुणाच्या तरी आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. ते ऐकत बसले. ऐकता ऐकता ताट संपलं. श्रीनिवासची बायको न विचारता आणखी वाढून गेली, तेही त्यांनी संपवलं.

डबे भरले गेले. माणसं निघाली. श्रीनिवास मागे राहिला. जरा अवघडून म्हणाला की संघाने आता एक छोटी स्टोरेजची खोली घेतली आहे, टोप तिथे ठेवता येईल. तुम्ही ब्रिस्टलला जाताय असं कळलं, इथे तुमच्यावर ओझं नको. कुणाकडून मोठी गाडी मागून आणतो, तासाभरात नेतो.

पद्माकरांनी टोपात वाकून बघितलं. तळाला भात चांगलाच करपला होता. त्यांनी बागेचा पाइप ओढून आणला आणि आत पाणी सोडलं.

"आज नाही जमायचं. तळ लागलाय. रात्रभर भिजायला पाहिजे."

"मग उद्या येऊ? आम्हीच घासतो की, भाव."

"तुम्हाला नाही येणार. खरवडून वाट लावाल." पाणी काठापर्यंत आल्यावर त्यांनी पाइप बंद केला. "घासून मी ठेवतो गॅरेजमध्ये. पुढच्या वर्षी उचलायला तेवढे दोघं लवकर या. आणि येण्याआधी घरी बादली भरून ती उचलायची सवय करा, दोघांनी एकदम. आज निम्मा रस्सा माझ्या गवतात गेला."

श्रीनिवास हसला, मग हसू आवरून त्यांच्याकडे नीट बघितलं. बरं म्हणाला, आणि फाटक ओढून घेऊन गेला.

पद्माकर पायरीवर बसले. बूट काढायचे होते, पण वाकवेना. आत रश्मीचा फोन वाजत होता. जरा वेळाने करू म्हणून ते तसेच बसून राहिले.